दुधाचा प्रतिग्रह

तापीच्या मुखाशी, सुरतेपासून पंचवीसएक किलोमीटरवर हजीरा आहे. एका अंगाला खाडी आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला पोलाद, खत आणि नैसर्गिक वायू यांचे अजस्र कारखाने, शिवाय बंदर. आणि या सर्वांच्या मध्ये दाटीवाटीने उरलेली मोरा, दामका, सुवाली यांसारखी जुनी गावे. वसाहतींमध्ये आणि गावांतल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेली माणसे राहतात. त्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. आमच्या शेजारी असेच एक अमळनेरकडचे कुटुंब राहत असे. त्या घरातील सुनेचा रक्तदाब सातव्या महिन्यात एकाएकी वाढला, तिला रात्रीच सुरतेच्या एका रुग्णालयात हलवावे लागले आणि पहाटे शस्त्रक्रिया होऊन मुलगी झाली. वजन सव्वा किलोहून थोडे अधिक. मुलगी काचेच्या पेटीत, आई दुसऱ्या मजल्यावर ग्लानीत. पान्हा फुटण्याचे चिन्ह नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की, आईचे दूध उतरेपर्यंत बाळाला डब्याचे दूध देण्यापेक्षा दुग्धपेढीतील दूध देणे चांगले. मुलीच्या बापाने मान हलविली. विभागाच्या दाराशी पदर सावरून बसलेल्या आजीने, आम्ही त्यांना मावशी म्हणत असू, एकच प्रश्न विचारला. तो त्यांनी आपल्या अहिराणीत विचारला : ‘‘हाई दूध कोनं शे?’’ हे दूध कुणाचे आहे?

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी पुष्कळ समजावून सांगितले. दूध देणाऱ्या बाईचे रक्त तपासलेले असते. दूध तापवून निर्जंतुक केलेले असते. गोठवून ठेवलेले असते. काळजीचे काही कारण नाही. मावशींनी सर्व ऐकून घेतले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्या वेळी मला त्यांच्या हट्टाचा थोडा राग आला होता, हे मी येथे नमूद करून ठेवतो. पुढे जसजसा विचार करीत गेलो तसतसे ध्यानात आले की, डॉक्टरांनी उत्तर दिले होते ते ‘हे दूध सुरक्षित आहे काय?’ या प्रश्नाचे. मावशींनी तो विचारलाच नव्हता.

प्रथम डॉक्टरांची बाजू पुरतेपणी मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे आणि तिच्यावर मुलांचे जीव अवलंबून आहेत. भारतात दरवर्षी सुमारे ३० लाख बालके दिवस पूर्ण होण्याआधी जन्माला येतात. अशा बालकाचे आतडे कोवळे असते. त्याला गाईच्या दुधापासून बनविलेली पावडर दिली तर आतड्याला सूज येऊन त्याचा भाग सडण्याचा एक भयंकर आजार होण्याचा संभव वाढतो. माणसाच्या दुधाने तो संभव कमी होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अशा बालकांसाठी क्रम लावून दिला आहे : पहिल्याने स्वतःच्या आईचे दूध, ते नसेल तर दुसऱ्या मातेने दिलेले दूध, आणि तेही नसेल तरच डब्याचे. पेढीत दूध देणाऱ्या मातेची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग यांसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सियस तापमानावर ३० मिनिटे तापवितात, मग झटकन थंड करतात, त्यात जंतू वाढतात काय ते पाहतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. तापविल्यामुळे त्यातील काही संरक्षक द्रव्ये घटतात, परंतु बरीचशी टिकतात. आणि लागते तरी किती? सव्वा किलोच्या जिवाला आरंभी एका वेळी एक-दोन मिलिलीटर, नळीवाटे, दर दोन-तीन तासांनी. एखाद्या बाईने दिलेले वाटीभर दूध अशा बाळाला कित्येक दिवस पुरते.

ही कल्पना काही काल-परवाची नव्हे. युरोपातील पहिली दुग्धपेढी १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे निघाली. आशियातील पहिली पेढी मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू केली. हे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. एड्सच्या भयाने पाश्चात्त्य देशांतील पेढ्या एकामागून एक बंद पडत होत्या, नेमक्या त्याच काळात धारावीच्या उंबरठ्यावरील एका महापालिका रुग्णालयाने, गरिबातल्या गरीब मातांच्या भरवशावर, पेढी उघडली. त्यानंतर पुण्यात ससून रुग्णालयात आणि अन्यत्र पेढ्या निघाल्या. सुरतेतही महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पेढी आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मानवी दुग्धपेढ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्या लेखनात सुरतेचे डॉ. केतन भरडवा आणि अमरावतीचे डॉ. सतीश तिवारी हे दोघे होते. म्हणजे हजीऱ्याच्या मावशींचा प्रश्न ज्या शहरात उठला त्या शहरात या विषयाचा पुरेसा विचार झालेला होता. तो विचार मावशींपर्यंत पोहोचला नव्हता, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. बहुतेक वेळा आपण तसेच होतो.

वैद्यकीय नियतकालिकांतून या विषयावरील पाहण्या प्रसिद्ध होत असतात. प्रसूत झालेल्या मातांना विचारले जाते की, दुग्धपेढी म्हणजे काय हे तुम्हांला ठाऊक आहे काय. तुम्ही आपले दूध द्याल काय. आपल्या बाळासाठी दुसरीचे दूध घ्याल काय. पहिल्या प्रश्नाला ‘जाणीव’ म्हणतात, पुढच्या दोहोंना ‘स्वीकार’. जाणीव कमी आहे, ती वाढविली पाहिजे, म्हणजे स्वीकार आपोआप वाढेल, असा निष्कर्ष बहुधा ठरलेला असतो. भारतातील आणि भारताबाहेरील अशा अनेक पाहण्यांत एक गोष्ट मात्र पुनःपुन्हा दिसते, आणि तिच्याकडे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. दूध द्यायला तयार असणाऱ्या माता पुष्कळ असतात, घ्यायला तयार असणाऱ्या त्यांहून कमी. तीच बाई, त्याच खाटेवर, आपले दूध अनोळखी बाळाला द्यायला राजी असते. अनोळखी बाईचे दूध आपल्या बाळाला द्यायला कचरते.

अज्ञान हे याचे कारण असते तर ते दोन्ही बाजूंना सारखेच लागू पडले असते. ज्या बाईला दुसरीच्या दुधाची शंका येते तिला स्वतःच्या दुधाची येत नाही, हे स्वाभाविकच. परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. देणे आणि घेणे या दोन क्रियांचे नैतिक वजन आपल्या मनात सारखे नाही, हे येथे उघडे पडते.

आपली परंपरा दानाविषयी जितकी मुखर आहे तितकीच घेण्याविषयी सावध आहे. धर्मशास्त्रात दानाला जोडून येणारा एक शब्द आहे : प्रतिग्रह. दुसऱ्याने दिलेले विधिपूर्वक स्वीकारणे म्हणजे प्रतिग्रह. भारतरत्न म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दानाच्या विवेचनात प्रतिग्रहाचाही विचार केला आहे. घेण्याचा अधिकार असलेल्यानेही वारंवार घेऊ नये, घेतल्याने तेज उणावते, असे मनुस्मृती बजावते. दुसऱ्या बाजूने, कोणी स्वीकारल्यावाचून दान पुरे होत नाही, असाही विचार आपल्याकडे आहे. दोन्ही एकत्र ठेवले म्हणजे एक चमत्कारिक चित्र उभे राहते. देणाऱ्याचे पुण्य घेणाऱ्याच्या हातात असते, आणि त्या पुण्याची किंमत घेणारा आपल्या तेजाने मोजतो. जुन्या शास्त्रकारांच्या डोळ्यांपुढे अर्थात दक्षिणा घेणारा ब्राह्मण होता, काचेच्या पेटीजवळ उभी असलेली बाळंतीण नव्हती. तरीही घेताना आपले काही उणावते, ही जाणीव तिला कोणी पोथीतून शिकवावी लागत नाही. आधीच तिच्या मनात सल असतो की, दिवस पुरे झाले नाहीत, आपल्या देहाने दगा दिला. त्यात दूधही उतरत नाही. अशा वेळी दुसरीच्या दुधाची छोटी बाटली समोर येते ती मदत म्हणून खरी, पण तिला ती निकालपत्रासारखी वाटते.

मावशींच्या प्रश्नात हे होतेच. पण त्यात आणखीही काही होते, आणि ते इतके निर्मळ नव्हते. ‘कुणाचे’ म्हणजे कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हा अर्थ नाकारून चालणार नाही. मावशींनी तो उच्चारला नाही. आमच्या जिन्यावर मात्र दुसऱ्या एका शेजारणीने उच्चारला. हा अर्थ आपल्या हाडीमाशी किती जुना आहे हे पाहायचे तर चरकसंहितेच्या शारीरस्थानात जावे. बाळासाठी धात्री, म्हणजे दूध पाजणारी दाई, कशी निवडावी याचे तेथे बारकाईने वर्णन आहे. ती तरुण असावी, नीरोगी असावी, तिचे स्वतःचे मूल जिवंत असावे, आणि ती समान वर्णाची असावी. त्याच परंपरेत शुद्ध दुधाची परीक्षाही दिली आहे : पाण्यात टाकले असता जे पाण्याशी एकजीव होते ते शुद्ध. वर्ण पाहून बाई निवडायची आणि दूध मात्र पाण्यात मिसळते की नाही यावर पारखायचे, यातील विसंगती त्या काळी कोणाला खुपली नसावी. आजच्या अनेक पेढ्यांत काही मातांचे दूध एकत्र करून मग तापवितात. हजीऱ्यासारख्या ठिकाणी त्याचा अर्थ काय होतो तो पाहा. ज्या वस्तीत पाण्याच्या नळावर, भाड्याच्या खोलीत, जेवणाच्या पंगतीत कोण कुठला हे पाहिले जाते, तेथील स्त्रियांचे दूध एका काचेच्या भांड्यात एकजीव होऊ शकते. एवढे जरी या पेढीने केले, तरी मी तिला साधे वैद्यकीय उपकरण म्हणणार नाही.

परंतु ‘कुणाचे’ या प्रश्नाला जातीपुरता अर्थ देऊन तो मोडीत काढणे हीदेखील एक सोयीची चूक ठरेल. दुधाने नाते जडते, ही समजूत जातीहून निराळी आहे, आणि काही ठिकाणी ती कायद्याइतकी बळकट आहे. इस्लाममध्ये एका स्त्रीचे दूध प्यालेली मुले परस्परांची दूधभावंडे होतात. त्यांचा विवाह निषिद्ध आहे, आणि हा निषेध खुद्द कुराणात सांगितलेला आहे. साहजिकच, दूध कोणाचे हे ठाऊक नसणे ही तेथे श्रद्धावान माणसासाठी खरीखुरी अडचण होते. कराचीत जून २०२४ मध्ये सुरू झालेली दुग्धपेढी थोड्याच दिवसांत थांबवावी लागली, कारण आधी सशर्त अनुकूल असलेल्या धर्मपीठाने आपले मत फिरविले. युरोपातील मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांच्या परिषदेने २००४ मध्ये असे दूध घेण्यास अनुमती दिली होती. एकाच धर्मात दोन उत्तरे आहेत. प्रश्न मात्र दोघांनीही गंभीरपणे घेतला. सुरतेच्या रुग्णालयांत मुस्लिम माता मोठ्या संख्येने येतात. त्यांनी ‘कुणाचे’ विचारले तर तो मागासलेपणा नव्हे. ज्या पेढीत दात्या मातेची नोंद असते तिला, नाव सर्वांपुढे न आणताही, या प्रश्नाचा मान राखण्याची वाट काढता येईल.

आपल्याकडेही दूधभाऊ हा शब्द आहेच. शंभूराजांचा जन्म १६५७ मध्ये पुरंदरावर झाला. मातोश्री सईबाईंची प्रकृती ढासळलेली. तेव्हा पायथ्याच्या बाजूच्या कापूरहोळ गावातील गाडे घराण्यातील धाराऊ हिने त्यांना दूध पाजले. धाराऊ राजपुत्राची दूधआई झाली आणि तिचे मुलगे शंभूराजांचे दूधभाऊ. येथे ‘कुणाचे’ या प्रश्नाला गाव, घराणे आणि नाव यांसह उत्तर होते, आणि घेतलेल्या दुधाची फेड आयुष्यभराच्या नात्याने झाली.

धाराऊच्या शेजारी मराठी मनात दुसरी एक आई उभी आहे, ती हिरकणी. गडाचे दरवाजे बंद झाले, तान्हे बाळ खाली घरी भुकेले, म्हणून रायगडाचा कडा अंधारात उतरून गेलेली गवळण. तिची कथा आपण मुलांना सांगतो. बसस्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांना आपण ‘हिरकणी कक्ष’ म्हणतो. मला या कथेविषयी एक शंका नेहमी येते. गडाखालच्या वाडीत त्या रात्री दुसरी एकही अंगावर पाजणारी बाई नव्हती काय? असणारच. कथेला तिचे काम नाही. आईवाचून बाळाला कोणी नाही, हे सांगण्यासाठीच ती कथा आहे, आणि त्यासाठी शेजारीण नाहीशी करावी लागते. हिरकणीचा मी अनादर करीत नाही. पण दुसऱ्या मजल्यावर ग्लानीत पडलेल्या त्या सुनेला हिरकणीचा कडा दाखविणे निर्दयपणाचे आहे. तिला त्या वेळी हवी होती ती वाडीतली अनामिक शेजारीण.

दुग्धपेढी ही ती शेजारीण आहे, मात्र चेहरा झाकलेली. जे धाराऊला मिळाले, नाव, मान, नाते, ते या व्यवस्थेत कोणालाच मिळत नाही. हा तोटा आहे आणि तो तोटा म्हणूनच सांगितला पाहिजे. परंतु त्याचबरोबर धाराऊच्या काळचे एक दुःखही या व्यवस्थेत उरत नाही. दाईच्या इतिहासात एका बाळाचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही : दाईच्या स्वतःच्या. श्रीमंताच्या घरी पोर वाढत असे तेव्हा झोपडीतले पोर काय पीत असे? युरोपात आणि हिंदुस्थानातल्या साहेबांच्या बंगल्यांतही पोटासाठी दूध विकणाऱ्या बायांची मुले उपाशी राहिल्याच्या कहाण्या थोड्या नाहीत. पेढीचा पहिला दंडक असा की, स्वतःच्या बाळाचे पोट भरून जे उरेल तेच घ्यायचे. म्हणजे दाईच्या बाळाचा प्रश्न या व्यवस्थेने सर्वांत आधी विचारला. मला ही नैतिक प्रगती वाटते, आणि ती यंत्राने नव्हे, नियमाने घडली आहे.

‘पेढी’ हा शब्द सुरतेच्या कानाला चांगलाच परिचित. येथे हुंड्या वटविणाऱ्या सराफांच्या पेढ्या शतकानुशतके चालल्या. पेढी म्हटली की खाते आले, जमा आली, नावे आली, व्याजही आले. दुधाच्या या पेढीत जमा करणाऱ्याचे खाते नाही आणि काढणाऱ्याला फेड नाही. शब्द व्यापाराचा आणि व्यवहार अगदी उलटा. शासनाने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘स्तन्य व्यवस्थापन केंद्र’ अशा धर्तीचे नाव स्वीकारले, त्यामागे एक शहाणपण आहे. दुसरीचे दूध ही तात्पुरती सोय. मुख्य काम त्या बाळाच्या आईलाच दूध उतरावे म्हणून तिच्याजवळ बसणे, तिला धीर देणे, थेंब थेंब का होईना पण दिवसातून आठ-दहा वेळा दूध काढायला लावणे. पेढी भरलेली आहे म्हणून कोणी हे कष्टाचे काम टाळू लागले, तर घेणाऱ्या आईचा सल खरा ठरेल. नाव बोजड आहे, कोणी ते उच्चारीत नाही, लोक ‘मिल्क बँक’च म्हणतात, तरी विचार योग्य आहे.

व्यापाराचा मोह अर्थातच सुटलेला नाही. अमेरिकेतील एक कंपनी कंबोडियातील गरीब स्त्रियांकडून दूध विकत घेऊन आपल्या देशात विकत होती. त्या देशाने २०१७ मध्ये ही निर्यात बंद केली. आपल्याकडेही मातांनी दिलेल्या दुधाचा माल बनवून विकण्याचा उद्योग काही वर्षे परवान्यासह चालला, पुढे ते परवाने रद्द झाले, आणि २४ मे २०२४ रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मानवी दूध व त्याचे पदार्थ यांची विक्री करता येणार नाही असे सर्वांना स्पष्ट कळविले. रक्ताच्या बाबतीत रिचर्ड टिटमस या इंग्रज विचारवंताने १९७० मध्ये दाखवून दिले होते की, विकत घेतलेल्या रक्तापेक्षा आपखुशीने दिलेले रक्त समाजाला अधिक निर्धोक पडते, कारण पैशासाठी देणारा आपला आजार लपवितो. दुधाला हे लागू आहेच. शिवाय पैसा आला की दाईच्या बाळाचा जुना प्रश्न मागच्या दाराने परत येतो. दूध विकत घेऊ नये, हे मला निःसंदिग्धपणे मान्य आहे. कोणी म्हणेल, गरीब बाईला तिच्या दुधाचे चार पैसे मिळाले तर बिघडले कोठे? बिघडते ते तिच्या बाळाच्या वाटीत, आणि त्या वाटीची बाजू घ्यायला दुसरे कोणी नसते.

तथापि ‘आपखुशीने’ हा शब्दही मी डोळे मिटून घेणार नाही. सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणीला सिस्टरने येऊन म्हटले, ‘बाई, जास्तीचे दूध आहे, द्याल ना?’ तर किती जणी ‘नाही’ म्हणू शकतील? ज्या सिस्टरच्या हातात खाट, औषध आणि घरी सोडण्याचा कागद, तिला नकार देण्यासाठी एक निराळेच बळ लागते. ब्राझीलमध्ये दोनशेहून अधिक दुग्धपेढ्या आहेत, आणि काही शहरांत अग्निशमन दलाचे जवान घरी येऊन दूध नेतात. तेथील बाई आपल्या घरात, आपल्या उंबऱ्याच्या आत राहून देते. नको असेल तर दार उघडत नाही. देण्यातील स्वातंत्र्य हे कित्येकदा आपण कोठे उभे आहोत यावर ठरते. आपल्याकडील पाहण्यांत ‘दूध द्याल काय?’ या प्रश्नाला येणारे भरघोस होकार मी वाचतो, तेव्हा विचारणाऱ्याच्या अंगावरचा पांढरा कोट मला दिसत राहतो. देणाऱ्यांची संख्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त दिसते याचे एक कारण हेही असेल. देण्याविषयी ‘हो’ म्हणणे सोपे. घेण्याची वेळ येते तेव्हा बाळ आपले असते, आणि तेथे भीडेने ‘हो’ निघत नाही.

आणि एक दाती अशी आहे की जिच्याविषयी लिहिताना लेखणी अडखळते. बाळ गेल्यावरही दूध येत राहते. देहाला बातमी कळलेली नसते. अशा काही माता ते दूध पेढीला देतात. देशोदेशीच्या पेढ्यांना हा अनुभव आहे. याला दान म्हणावे काय? गीतेने सात्त्विक दानाची जी खूण सांगितली आहे, परतफेडीची अपेक्षा नाही अशाला देणे, ती येथे शब्दशः लागू पडते. पण या मातेला पुण्याचे काही पडलेले नसते. जे एका बाळासाठी आले ते दुसऱ्या बाळाला तरी मिळावे, एवढेच. मी त्या सुनेच्या जागी असतो आणि मला कोणी सांगितले असते की तुझ्या मुलीच्या नळीतले दूध अशा बाईचे आहे, तर मी काय केले असते? बहुधा मला ते कळू नये अशीच माझी इच्छा असती. अनामिकतेची बाजू मला येथे प्रथम पटली. नाव झाकणे हे केवळ जात झाकणे नव्हे. जे ऋण पेलवणार नाही ते आपल्यापासून झाकून ठेवणेही आहे.

येथे पुन्हा प्रतिग्रहाकडे वळले पाहिजे, कारण मला वाटते की आपण घेणाऱ्याची ओळख पटविण्यात चूक करतो. दूध घेते कोण? आई घेत नाही. घेणारे बाळ आहे. आणि बाळाला ना होकार देता येतो ना नकार. आई त्याच्या वतीने हात पुढे करते. ती विश्वस्त आहे. विश्वस्ताने स्वतःसाठी दान नाकारले तर तो त्याचा स्वाभिमान; ज्याच्यासाठी ते आले त्याच्या वतीने स्वतःच्या स्वाभिमानापायी नाकारले, तर तो हक्क त्याला नाही. ही गोष्ट कठोर आहे, परंतु तिच्यात बाळंतिणीची सुटकाही आहे. तिचे तेज उणावत नाही, कारण ती स्वतःसाठी घेतच नाही. तिला कमीपणा येत नाही, कारण तिच्या देहाच्या वतीने येथे कोणी हिशेब मागितलेला नाही. दुग्धपेढीची माहिती देणाऱ्यांनी तापमानाचे आकडे सांगावेत, जरूर सांगावेत. पण त्या आधी खाटेजवळ बसून हे एक वाक्य सांगितले तर? बाळंतिणीला जाणीव करून द्यायची ती बहुधा याची.

मावशींना हे कोणी सांगितले नाही. सिस्टरने सांगितले ते निराळेच. दुपारी पाळी बदलली, नव्या सिस्टर आल्या, त्या केरळच्या होत्या आणि त्यांचे मराठी जेमतेम. मावशींनी त्यांनाही विचारलेच. त्या म्हणाल्या, ‘‘एका आईचं.’’ मावशी थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग सुनेच्या वॉर्डाकडे निघून गेल्या. मी ते उत्तर पुढे कित्येकदा मनात घोळविले आहे. तर्काच्या कसोटीवर ते टिकणार नाही. पेढीतले दूध एकीचेच असते असे नाही, आणि ‘एका आईचं’ हे काही ‘कुणाचं’ या प्रश्नाचे उत्तर नव्हे. तरीही पहिल्या सविस्तर उत्तराने जे झाले नाही ते याने झाले.

सहाव्या दिवशी सुनेला दूध उतरले. ते तिच्या मुलीला पुरण्याइतपतच होते. पेढीला द्यायला काही उरले नाही, याची तिला पुढेही खंत वाटे. मुलगी महिना-सव्वा महिना रुग्णालयात राहिली आणि मग हजीऱ्याला घरी आली. बारशाला मावशींनी पाच सवाष्णींच्या ओट्या भरल्या. सहावी ओटी त्यांनी भरून बाजूला ठेवली : खण, नारळ, मूठभर गहू, हळकुंड, सुपारी. कोणी विचारले तर म्हणत, ‘‘तिच्यासाठी.’’ दोन-तीन दिवस ती देवापुढे राहिली. नारळाला तडा जाईल, अशी सुनेने आठवण केली तेव्हा मावशींनी मला बरोबर घेऊन कारखान्याच्या बसने सुरत गाठली. सिस्टरना हे काय प्रकरण आहे ते समजायला वेळ लागला. देणाऱ्या बायांची नावे सांगत नाहीत, हे त्यांनी पुन्हा सांगितले. मग त्यांनी ती पिशवी घेतली आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा हात रिकामे होते. कुणाला दिली, असे मावशींनी विचारले. सिस्टर नुसत्या हसल्या. परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून मावशी इच्छापोरपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, नारळ चांगला होता, फोडून सर्वांना वाटला म्हणजे बरे.